दशांश अपूर्णांक घरी शिकवताना: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

ठाण्यात वर्तकनगर भागात मी चौथी ते सहावीच्या मुलांचं गणित घेते. डेसिमलचा धडा सुरू झाला की पालकांचे मेसेज सुरू होतात, "टीचर, कालपर्यंत सगळं येत होतं, आता हा काहीही लिहितोय." प्रश्न तेच तेच असतात म्हणून उत्तरं इथे एकदाच नीट लिहून ठेवतेय. क्रमाने वाचलंच पाहिजे असं काही नाही, पण पैशांचा आणि पट्टीचा प्रश्न तेवढा सोडू नका, पुढचं बरंचसं त्यावर उभं आहे.

हे नक्की कितवीत येतं आणि त्याआधी काय यायला हवं?

बालभारतीच्या पुस्तकात दशांश अपूर्णांक पाचवीत भेटतात, गुणाकार-भागाकार सहावीत. सीबीएसईवाल्यांचंही २०२५ आधीच्या जुन्या पुस्तकात पाचवीतच टेन्थ्स-हंड्रेड्थ्स सुरू व्हायचं, काही शाळा चौथीत तोंडओळख करून देतात.

आधी दोनच गोष्टी पक्क्या हव्यात. एक म्हणजे स्थानिक किंमत. ३३३ मधले तिन्ही तीन दिसायला सारखे असले तरी एक तीनशेचा, एक तीसचा आणि एक नुसता तीनचा, आणि डावीकडून उजवीकडे एक घर सरकलं की किंमत दहावा भाग होते, हे मुलाला स्वतःच्या शब्दात सांगता आलं पाहिजे. दुसरं म्हणजे एक दशांश, म्हणजे एकाचे दहा सारखे भाग करून त्यातला एक. "सारखे" वर जोर द्या कारण मुलं चित्रात दहा वाकडेतिकडे तुकडे करतात आणि एक रंगवून मोकळी होतात. हे दोन्ही कच्चं असेल तर डेसिमलची वही खुशाल आठवडाभर बंद ठेवा आणि हेच करा. युनिट टेस्टला दोन मार्क गेले तर गेले.

रुपये-पैशांनी सुरुवात केली तर सोपं पडेल ना?

जवळजवळ सगळे तसंच करतात आणि माझ्या मते घोळ तिथेच सुरू होतो. १२.५० लिहिलं की मूल वाचतं "बारा रुपये पन्नास पैसे". उत्तर बरोबर आहे, आपण खूश. पण त्याच्या डोक्यात काय चाललंय बघा: इकडे बारा ही एक संख्या, तिकडे पन्नास ही दुसरी संख्या, मध्ये एक टिंब. पन्नास त्याच्यासाठी चांगली धडधाकट पूर्ण संख्या आहे, ती एकाचा तुकडा आहे असं त्याला कुठेच वाटलेलं नसतं. मग १२.५ समोर आलं की तोच मुलगा "बारा रुपये पाच पैसे" म्हणतो, आणि १२.३७५ आलं की गप्प बसतो, कारण तीनशे पंचाहत्तर पैसे म्हणजे तर पावणेचार रुपये झाले!

दुसरं म्हणजे या मुलांनी पैसे बघितलेत कुठे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली, आता पाचवीत असलेली मुलं त्यानंतर जन्मलेली. ५० पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं म्हणे, जांभळी नाक्याच्या मार्केटमध्ये देऊन बघा आणि भाजीवाल्याचा चेहरा बघा. मुलांना दिसतं ते फक्त फोनवरचं ४५.०० आणि १२०.००, म्हणजे टिंबानंतर कायम शून्य शून्य, त्यांच्या दृष्टीने ती नुसती सजावट. आजी-आजोबांची गोष्ट वेगळी. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले, तो बदल त्या पिढीने खिशातल्या सुट्ट्या पैशात मोजलाय, म्हणून त्यांना वाटतं पैसे हेच सगळ्यात सोपं उदाहरण. त्यांच्यासाठी होतंच.

पैसे वापरूच नका असं म्हणत नाहीये मी. शतांश समजले की जरूर वापरा, पण सुरुवातीला नको.

मग सुरुवात कशाने करायची?

पट्टीने. कंपासपेटीतली १५ सेंटीमीटरची पट्टी, तिच्याएवढं चांगलं साधन बाजारात कुठेही विकत मिळत नाही आणि ते प्रत्येक मुलाकडे आधीच असतं.

एक वापरून लहान झालेली पेन्सिल घ्या आणि मोजायला सांगा. पहिली गंमत इथेच होते, अर्धी मुलं शून्याच्या रेघेऐवजी पट्टीच्या प्लास्टिकच्या कडेपासून मोजतात. ते सुधारा. आता समजा पेन्सिल ६ च्या पुढे आणि ७ च्या आत संपते. मुलाला विचारा, "सहाच्या पुढे किती?" बारीक रेघा मोजू द्या. मग विचारा ६ आणि ७ च्या मध्ये किती रेघा आहेत. तो मोजून नऊ सांगेल, आणि बरोबर सांगेल, कारण रेघा नऊच असतात पण त्यांनी पडलेले भाग दहा असतात. हा नऊ-दहाचा घोळ त्याला स्वतःला सोडवू द्या, पेन्सिलच्या टोकाने एकेका भागावर टेकवत मोजायला लावा, पाच मिनिटं जातील, जाऊ देत. पुढे संख्यारेषा काढताना ९०% मुलं जिथे अडकतात म्हणून ट्यूशनवाले ओरडत असतात (हा आकडा आपला अंदाजपंचे हो) तो अडथळा इथेच जातो.

पेन्सिल सहाच्या पुढे चौथ्या रेघेवर संपली की सांगायचं, सहा पूर्ण आणि एका सेंटीमीटरचे दहा भाग केले त्यातले चार, हे लिहायचं ६.४. बस. टिंबाचं काम एवढंच आहे की पूर्ण इथे संपलं आणि आता तुकडे सुरू झाले.

यानंतर घरातलं काहीही मोजा. खोडरबर, चमचा, रिमोट, आजीच्या गोळ्यांचं पाकीट. सगळं एकाच दशांश स्थळापर्यंत, शतांशाचं नावही काढू नका. निदान आठवडाभर. शाळा पुढे गेली तरी.

आणि दशांश झाल्यावर शतांश कसे?

ग्राफ पेपर आणा, स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात सुटा मिळतो. त्यावर १० सेंटीमीटर बाय १० सेंटीमीटरचा चौरस जाड रेघेने काढा आणि सांगा की हा अख्खा चौरस म्हणजे १. एक उभा पट्टा म्हणजे दशांश, ०.१. त्या पट्ट्यातला एक मोठा चौकोन म्हणजे शतांश, ०.०१. मग ०.३ रंगव म्हणून सांगा, तीन पट्टे. ०.३० रंगव, तीस चौकोन. दोन्ही सारखेच दिसले की मूल स्वतः मान वर करून बघतं, तेव्हा आपण काही बोलायचं नाही.

ज्याला अजून हौस असेल त्याला ग्राफ पेपरच्या एका सेंटीमीटरच्या चौकोनातल्या बारीक रेघा दाखवा. त्यातली दहा बारक्या चौकोनांची एक ओळ म्हणजे एक सहस्रांश, ०.००१. डोळे बारीक करून बघावं लागतं, आणि सहस्रांश किती चिमुकला असतो हे त्यानेच कळतं.

हल्ली ॲपवर हे सगळं हलतं-बोलतं मिळतं, चांगली असतात ती. पण हाताने रंगवलेलं जास्त टिकतं असा माझा अनुभव आहे.

मुलगी विचारते, "एकांश कुठे आहे?" काय सांगू?

हा प्रश्न विचारणारी मुलगी हुशार आहे. तिला डावीकडे एकक, दशक, शतक दिसतं, उजवीकडे दशांश, शतांश, मग एकांश कुठे गेला? आरसा टिंबाच्या जागी ठेवलाय असं तिला वाटतंय. तो एककाच्या घरावर ठेवायचा. एककाच्या डावीकडे दशक आणि उजवीकडे दशांश, त्यापुढे डावीकडे शतक आणि उजवीकडे शतांश, अशा जोड्या लागतात. एकाचे "एक भाग" केले तर एकच उरतो, म्हणून वेगळं घर लागत नाही.

०.१२५ हा ०.५ पेक्षा मोठा म्हणतो, कितीही सांगितलं तरी!

कारण १२५ हा ५ पेक्षा मोठा आहे आणि त्याला पूर्ण संख्यांमध्ये आजवर "जास्त अंक म्हणजे मोठी संख्या" हे शंभर टक्के खरं म्हणून शिकवलंय. मूल वेडेपणा करत नाहीये, जुना नियम नव्या ठिकाणी लावतंय. त्यामुळे रागावून उपयोग नाही, तो नियम इथे का चालत नाही ते त्याला दिसलं पाहिजे. ग्राफ पेपरच्या चौरसावर ०.५ म्हणजे अर्धा चौरस, आणि ०.१२५ म्हणजे एक पट्टा, वर दोन चौकोन आणि अर्धा चौकोन. दोन्ही शेजारी शेजारी रंगवले की वाद मिटतो.

पण एक उलटी जमातही असते आणि ती पालकांच्या लक्षात येत नाही. या मुलांनी ऐकलेलं असतं की शतांश दशांशापेक्षा लहान, सहस्रांश त्याहून लहान, आणि त्यांनी त्यातून काढलेलं असतं की जितके अंक जास्त तितकी संख्या लहान. त्यांना ०.१२५ आणि ०.५ विचारा, बरोबर उत्तर देतील! पण ०.४५ आणि ०.३ विचारलं की ०.३ मोठा म्हणतील. म्हणून तपासताना एकच जोडी विचारून खूश होऊ नका. मी तीन विचारते: ०.१२५ आणि ०.६, ०.४५ आणि ०.३, ४.८ आणि ४.६३. पहिल्या आणि तिसऱ्यात चुकला तर तो पहिल्या प्रकारचा, फक्त दुसऱ्यात चुकला तर उलट्या प्रकारचा. आणि तिन्ही बरोबर आली तरी "कसं ओळखलंस?" हे विचारायचंच.

शाळेत शिकवतात की मागे शून्य लावून अंक सारखे करा, ०.५ चे ०.५०० करा आणि मग १२५ आणि ५०० ची तुलना करा. उत्तर पटकन येतं, परीक्षेत कामाची युक्ती आहे. पण हीच युक्ती पहिल्या दिवशी दिली तर मूल परत पूर्ण संख्यांचीच तुलना करतंय, दशांश समजलेच नाहीत. म्हणून आधी घराघराने तुलना शिकवा: एकक बघ, सारखे असतील तर दशांश बघ, तेही सारखे असतील तरच शतांशाकडे जा. युक्ती नंतर.

शून्य कधी चालतं, कधी नाही? ०.५, ०.५० आणि ०.०५ यात कायम गोंधळ.

शून्य कोणाला ढकलतोय ते बघायचं. ०.५० मधला शेवटचा शून्य कोणालाच ढकलत नाही, पाच दशांशाच्या घरातच बसलाय, म्हणून किंमत तीच. ०.०५ मधल्या शून्याने पाचला शतांशाच्या घरात ढकललं, किंमत दहावा भाग झाली.

याला सगळ्यात छान जागा म्हणजे भाजीवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा. मुलाला सोबत न्या आणि आकडा त्याला वाचू द्या. अर्धा किलो भेंडी घेतली की काट्यावर ०.५०० येतं, तो "पाचशे" म्हणेल. विचारा, पाचशे काय? ग्रॅम. मग किलोत किती? आता पन्नास ग्रॅम आलं टाकायला सांगा, नुसतं आलं ठेवलं की ०.०५०. एकाच काट्यावर ०.५०० आणि ०.०५० ओळीने बघितल्यावर शून्याची जागा जशी डोक्यात बसते तशी दहा वर्कशीटने बसत नाही. (संध्याकाळी गर्दीच्या वेळी हे प्रयोग नकोत, भाजीवाले दादा वैतागतात, सकाळी जा.)

बेरजेत ०.९ + ०.१ = ०.१० लिहिते. आणि ४.५ + ३ = ४.८. हे काय आहे?

पहिली चूक म्हणजे टिंबाची भिंत झालीये. नऊ आणि एक दहा, ते दहा टिंबाच्या पलीकडेच कोंबले. तिला पट्टीवर ९ मिलीमीटरवर बोट ठेवायला सांगा आणि एक मिलीमीटर पुढे सरकायला सांगा, बोट कुठे आलं? एक सेंटीमीटरवर. दहा दशांश झाले की एक पूर्ण होतो आणि तो हातचा टिंब ओलांडून एककात जातो, जसा दहा एककांचा हातचा दशकात जातो. अगदी तोच नियम आहे.

दुसरी चूक मांडणीची. उजवीकडून ओळीत लावायची सवय हाताला लागलेली असते म्हणून ३ जाऊन ५ च्या खाली बसतो. दोन उपाय करा. पूर्ण संख्या आली की आधी तिला ३.० लिहायचं, न विसरता. आणि चौकटीच्या वहीत टिंबाला स्वतःची अख्खी चौकट द्यायची, सगळी टिंबं एकाखाली एक, मग बाकीचे अंक आपोआप जागेवर पडतात. वजाबाकीतही हेच, ५ - २.३७ करताना ५.०० लिहिलं नाही तर मुलं ३७ तसेच खाली उतरवतात आणि ३.३७ लिहितात.

तो म्हणतो ४.३ ओव्हर म्हणजे साडेचारच्या जवळ. क्रिकेटने समजवू का?

अजिबात नको! म्हणजे नंतर सांगा, कोडं म्हणून. ४.३ ओव्हर म्हणजे चार ओव्हर आणि तीन बॉल, ओव्हर सहा बॉलची, त्यामुळे ती खरोखर साडेचारच झाली, दशांशात ४.५. तिथे ४.५ नंतर ४.६ येत नाही, थेट ५ येतं. तिथलं टिंब दशांश चिन्ह नाहीच.

असे फसवे टिंब आपल्या अवतीभवती भरपूर आहेत आणि दुर्दैवाने मुलं रोज तेच बघतात. ठाण्याहून ८.४२ ची लोकल पकडायची, ती गेली की १८ मिनिटांनी ९.०० वाजतात, दशांशात मात्र ८.४२ पासून ९.०० पर्यंत ०.५८ लागतात. २.३० म्हणजे अडीच वाजले, पण दशांशात अडीच म्हणजे २.५. उंची ४.११ लिहितात ती चार फूट अकरा इंच असते, बारा इंचांचा फूट. पुस्तकातला प्रश्नसंग्रह ३.९ नंतर ३.१० येतो. दशांश पक्के झाले की यातलं एकेक मुलांपुढे टाका आणि विचारा, "हे टिंब खरं की खोटं?" माझ्या क्लासमधला हा सगळ्यात आवडता खेळ आहे, मुलं घरून नवीन नवीन उदाहरणं शोधून आणतात. नियम एकच सांगायचा: उजवीकडचं घर दहाने भरतं का? भरत असेल तर खरं.

३.२५ कसं वाचायचं? तीन पॉईंट पंचवीस?

सुरुवातीला तरी नको. "तीन पॉईंट दोन पाच" किंवा "तीन दशांश चिन्ह दोन पाच" म्हणा, आणि अर्थ सांगताना "तीन पूर्णांक पंचवीस शतांश". "पॉईंट पंचवीस" म्हटलं की परत ती पूर्ण संख्या कानावर पडते आणि ३.२५ हा ३.७ पेक्षा मोठा वाटायला लागतो. घरात मोठी माणसं बोलतात तसंच, त्यांना काय थांबवणार, पण गणिताला बसल्यावर तेवढं पाळा.

मुलगा इंग्लिश मिडीयमला आहे, मी मराठीत शिकवलं तर गोंधळ होईल?

होणार नाही, उलट बरं पडेल. इंग्रजीत टेन्स आणि टेन्थ्स, हंड्रेड्स आणि हंड्रेड्थ्स मुलांच्या कानाला एकसारखंच ऐकू येतं आणि लिहितानाही ते "थ" गाळतात. दशक आणि दशांश मात्र कानाला सरळ वेगळे लागतात. घरी मराठीत समजवा, वहीत शाळेचे शब्द लिहू द्या.

पाव, सव्वा, दीड, अडीच याचा इथे काही उपयोग आहे का? आजोबा सारखं पावकी-दिडकी म्हणत असतात.

आजोबांना तिथेच बसवून घ्या! हे आपल्याकडचं मोठं भांडार आहे आणि आपण ते वापरतच नाही. पाव ०.२५, अर्धा ०.५, पाऊण ०.७५, सव्वा १.२५, दीड १.५, अडीच २.५, पावणेतीन २.७५. एवढे सात-आठ आकडे मुलाच्या तोंडात बसले की अंदाजाने उत्तर तपासता येतं. ४.७ म्हणजे पावणेपाचच्या जरासं आत, हे ज्याला लगेच सुचलं त्याचं उत्तर ४७ येऊच शकत नाही.

पूर्वी शाळेत पाढ्यांसोबत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घ्यायचे, काही ठिकाणी औटकीपण, म्हणजे साडेतीनचा पाढा. सगळं घोकायची आता गरज नाही. पण सवायकीचे पहिले चार म्हणून बघा: सव्वा, अडीच, पावणेचार, पाच. आता हेच आकड्यात लिहायला लावा: १.२५, २.५, ३.७५, ५. तोंडाने म्हणताना चाल लागते आणि लिहिताना गुणाकार झालेला असतो, मुलाला कळतही नाही की आपण डेसिमलचा पाढा केला. दिडकी तर त्याहून सोपी, दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात. रिक्षात बसलं की मिनिमम भाड्यात पहिला दीड किलोमीटर येतो, मीटरवर १.५ कधी होतो ते बघत बसायचं, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तेवढाच वेळ जातो.

१० ने गुणताना पॉईंट उजवीकडे सरकवायचा असं शिकवू का?

टिंब सरकत नाही, अंक सरकतात. ऐकायला वाद घालण्यासारखं वाटेल पण फरक मोठा आहे. २.५ ला १० ने गुणलं की दोन एककातून दशकात गेला, पाच दशांशातून एककात आला, प्रत्येकाची किंमत दहापट झाली, झालं २५. "टिंब सरकवा" शिकवलं की मूल विचारतं कुठल्या बाजूला, आणि मग ते पाठ करायचं अजून एक झेंगट. आणि "शून्य लावा" हे पूर्ण संख्यांचं जुनं शिकवलेलं असेल तर २.५ × १० = २.५० येतंच येतं.

कागदावर घरं आखा, शतक, दशक, एकक, दशांश, शतांश, टिंब जाड स्केचपेनने पक्कं काढा. दुसऱ्या कागदाच्या पट्टीवर २ ५ लिहून ती घरांखालून एक घर डावीकडे सरकवा. भागायचं असेल तर उजवीकडे. रिकाम्या राहिलेल्या घरात शून्य. हाताने चार-पाचदा केल्यावर कागद लागत नाही.

गुणाकार केला आणि उत्तर लहान आलं, म्हणून खोडून टाकलं. बरोबर होतं!

होतं असं. गुणाकाराने संख्या वाढते हे इतकं मुरलेलं असतं की बरोबर उत्तर मुलं स्वतःहून चुकवतात. ०.५ × ०.३ ला "०.३ चा अर्धा" असं वाचायला लावा. पुन्हा तोच ग्राफ पेपर: तीन उभे पट्टे एका रंगाने, म्हणजे ०.३, मग वरच्या पाच आडव्या ओळी दुसऱ्या रंगाने. दोन्ही रंग जिथे एकावर एक आले ते चौकोन मोजा, पंधरा. शंभरातले पंधरा, ०.१५. दशांश गुणिले दशांश म्हणजे शतांश का होतात तेही तिथेच दिसतं, "दोन्हीकडची स्थळं मोजून टिंब द्या" हा नियम मग नुसता पाठ करायचा राहत नाही.

आणि कुठलाही गुणाकार करायच्या आधी अंदाज. एक उदाहरण मी नेहमी देते कारण ते आपल्या गावचं आहे. १६ एप्रिल १८५३ ला पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली, अंतर २१ मैल. मैल म्हणजे साधारण १.६ किलोमीटर. तर किती किलोमीटर? आधी अंदाज लाव: १.६ म्हणजे दीडच्या थोडं वर, वीसची दिडकी तीस, म्हणजे तिसाच्या पुढे काहीतरी. मग गुण, २१ × १६ = ३३६, टिंब कुठे? ३.३६ किलोमीटर तर ठाण्याहून कळवा-मुंब्र्याकडेच राहील, ३३६ म्हणजे कुठच्या कुठे गेलो, म्हणजे ३३.६. स्थळं न मोजता टिंब जागेवर. पुस्तकात ३४ किलोमीटर लिहिलेलं असतं, ते का, हा पुढचा प्रश्न मुलंच विचारतात आणि जवळच्या पूर्णांकाचं प्रकरण तिथूनच सुरू करता येतं.

रोज किती गणितं द्यायची?

पाच-सहा. पण त्यातलं एक तरी "चूक शोध" प्रकारातलं असू दे, म्हणजे तुम्ही मुद्दाम चुकीचं सोडवून द्या आणि त्याला लाल पेन द्या. लाल पेन हातात आलं की मुलं फार बारकाईने वाचतात. बाकी सुपरमार्केटचं बिल आहेच: ०.४८५ किलो टोमॅटो, भाव ६०.००, रक्कम २९.१०. आधी विचारायचं, अर्ध्या किलोचे किती झाले असते? तीस. मग आपलं थोडं कमी यायला हवं, आलं का? एवढं पुरे.

सहावी संपत आली तरी जमत नाही. काळजी करण्यासारखं आहे का?

बहुतेक वेळा अडचण डेसिमलची नसते, मागची असते. ३०५ आणि ३५० मधला फरक, पाव आणि अर्धा, भागाकार, हे तपासा, कुठेतरी फट सापडेल, तिथून परत सुरुवात करा. चिडू नका. घड्याळ, साधे हिशेब, लहान बेरजा यातही वर्षानुवर्षं तेवढीच ओढाताण होत असेल तर मात्र वर्गशिक्षकांशी आणि शाळेच्या समुपदेशकांशी मोकळेपणाने बोला, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

कॅल्क्युलेटर वापरू द्यायचा का? मोबाईलवर १ ÷ ३ केलं आणि "हे संपतच नाही" म्हणून घाबरला.

तपासायला द्या, सोडवायला नको. आणि हा घाबरला ते फार चांगलं झालं, त्याला तिथेच पकडा. कागदावर भागाकार मांडायला सांगा: १ ला ३ ने भाग जात नाही, दहा दशांश करून घे, तीन त्रिक नऊ, बाकी एक. परत दहा शतांश, तीन त्रिक नऊ, बाकी एक. तिसऱ्या वेळी तो स्वतःच म्हणेल, टीचर, परत एकच उरला. म्हणजे मोबाईलची जागा संपली म्हणून तो थांबला, गणित नाही थांबलं. मग १ ÷ ४ करायला द्या, ते दोन पायऱ्यांत संपतं, ०.२५. मग १ ÷ ७, आणि यावेळी मोबाईल बाजूला ठेवून, बाकी कितव्यांदा परत १ येते ते बघायचं. रविवारची दुपार शांत जाते.